शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या दवाखान्यात टीपॉयवर एक जाडजूड पुस्तक असतं. 'कर्तृत्वदीप चरित्रकोश'. सोनेरी अक्षरं, मुखपृष्ठावर समई, आणि वजन असं की पायावर पडलं तर पेशंटला दातांच्या डॉक्टरकडून थेट हाडांच्या डॉक्टरकडे पाठवावं लागेल. मी दादरला एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. आमचे डॉक्टर त्या पुस्तकात दर आवृत्तीला असतात, पूर्ण पान, रंगीत फोटो. खाली लिहिलंय, 'आंतरराष्ट्रीय ख्यातीचे दंतवैद्य'. एकदा दुबईला कॉन्फरन्सला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं म्हणून परत आले, तेवढीच काय ती आंतरराष्ट्रीय ख्याती.

पैसे भरा आणि थोर व्हा, असा सरळ कारभार. आपलं चरित्र आपणच लिहून द्यायचं, ते जसंच्या तसं छापणार. कुणी काही विचारत नाही, कुणी काही तपासत नाही. अर्ध्या पानाचे थोर, पूर्ण पानाचे थोर, रंगीत थोर. एक गृहस्थ तर त्यात 'निर्भय समाजचिंतक' आहेत, ते आमच्याकडे इंजेक्शनची सुई बघून खुर्चीवरून उठून पळाले होते. चप्पल पण राहिली त्यांची. मला त्या पुस्तकाचा मनापासून राग होता, आणि नेमकं तेच पुस्तक एका दुपारी माझ्या बापानं मांडीवर घेतलं.

अण्णा तेव्हा परळच्या हॉस्पिटलातून तपासणी करून येताना माझ्याकडे येऊन बसायचे. आम्ही राहतो नायगावला, खोलीत दुपारी पत्रा तापतो, दवाखान्यात एसी. त्यांच्या घशाचा कॅन्सर काढला होता, त्यात आवाजाची पेटीच गेली. गळ्याला एक भोक आणि त्यावर पांढरा रुमाल. ज्या माणसानं जन्मभर गाण्यात कोरस दिला, त्याच्या नशिबी हे. बोलायचं असलं की ते पिशवीतून पाटी काढायचे. शाळेतल्या पोरांची असते तशी, लाकडी चौकटीची. मी मोबाईल शिकवायला गेले, तर म्हणाले, म्हणजे लिहिलं, 'खडू बरा. पुसता येतो.'

त्या दुपारी त्यांनी पुस्तकाचं पान न् पान उलटलं. मग पाटीवर लिहून माझ्यासमोर काउंटरवर ठेवलं. 'यात माझं नाव येईल का?'

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, हे भंगार आहे. पैसे घेऊन छापतात. यात नाव येणं म्हणजे काय, टेम्पोच्या मागे नाव लिहितात ना, तेवढीच किंमत."

त्यांनी पाटी पुसली, परत लिहिलं. 'येईल का?'

आता यातलं खरं काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याला फोटोची हौस आली. त्याच आठवड्यात रिपोर्ट आला होता. आजार परत आला होता, फुप्फुसात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि अण्णांनी माझं तोंड बघून ओळखलं. त्यांच्या हातात थोडेच महिने होते आणि त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती. त्यांनी केलेली गाणी त्यांची आहेत, हे एकदा कुठेतरी छापून यायला हवं होतं.

माझ्या आजोबांनी धर्मांतर केलं आणि पुढच्याच वर्षी अण्णा जन्मले. आजोबांना कुणा मास्तरांनी सांगितलं होतं की हर्षवर्धन नावाचा राजा बौद्ध होता, फार दानशूर होता. झालं, गिरणीत साचे पुसणाऱ्या येलव्यांच्या घरात हर्षवर्धन आला. एवढं लांबलचक नाव चाळीत कुणाला परवडतंय. सगळे हर्षाच म्हणायचे.

हा हर्षा पोरसवदा असतानाच शामराव गमऱ्यांच्या गायन पार्टीत शिरला. 'शामराव गमरे आणि पार्टी', त्या काळी नायगाव, डिलाईल रोड, काळाचौकी, शिवडी, कुठेही जयंती असो, यांना बोलावणं असायचंच. एक पेटी, एक ढोलकी, पुढे शामराव आणि मागे चार जण कोरसला. आमच्याकडच्या गाण्यांची रीत अशी की शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव येतं. अमका म्हणे, तमका सांगे. ते आलं की लोकांना कळतं गाणं कुणाचं. छापील पुस्तक कुणाकडे होतं तेव्हा? नाव गाण्यातच बांधून द्यायचं, म्हणजे गाणं जाईल तिथे नाव जाईल.

पण पार्टीची आणखी एक रीत होती. पार्टी ज्याची, नाव त्याचं. कोरसवाल्यानं गाणं केलं तरी शेवटच्या कडव्यात गुरूचंच नाव घालायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आपली स्वतंत्र पार्टी काढलीस की घाल आपलं नाव. अण्णांनी तशी ढीगभर गाणी केली. मग संप झाला, गिरण्या बसल्या, पार्टी मोडली, अण्णा शिवडीच्या गोदामात माल मोजायला लागले आणि त्यांची स्वतंत्र पार्टी काही निघाली नाही. गाणी मात्र राहिली. त्यातलं एक तर अजून सगळीकडे वाजतं. अण्णांची आई, म्हणजे माझी आजी, रात्रशाळेत जाऊन सही करायला शिकली, त्यावर केलेलं.

'अंगठ्याची शाई धुतली गं आईनं,
पाटीवर नाव लिहिलं गं आईनं.'

आणि शेवटचं कडवं,

'शामराव म्हणे, गिरवा रे अक्षर,
माझ्या आईचा हात तुमच्या हातावर.'

आई कुणाची, हात कुणाचा, आणि म्हणतोय कोण, तर शामराव. लहानपणी मी याच्यावरून अण्णांशी भांडायचे. "आजी आपली ना? मग तुमचं नाव का नाही?" ते हसायचे. "अगं, माझं नाव चालीत बसत नाही. हर्षवर्धन म्हणेपर्यंत ढोलकीवाला घरी जाऊन जेवून येईल." तेव्हा त्यांना आवाज होता. असं हसत सांगायचे की मला पण हसू यायचं.

शामरावकाका वाईट असते तर बरं झालं असतं, मला रागवायला जागा मिळाली असती. पण काका देवमाणूस. अण्णांना पेटी त्यांनी शिकवली, गिरणीत बदलीवर त्यांनी चिकटवलं, माझ्या आईच्या बाळंतपणात हॉस्पिटलात रात्रभर बसले ते तेच. अण्णांच्या तोंडून त्यांच्याबद्दल कधी वाकडा शब्द आला नाही. आता काका जाऊन पुष्कळ वर्षं झाली, ढोलकीवाला आणि कोरसचे बाकीचे तिघेही गेले. ती गाणी अण्णांची आहेत हे आमच्या घराबाहेर माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं, काकांची बायको, सुंदराबाई काकी.

शेवटी मी अण्णांना घेऊन गिरगावला गेले. चर्नी रोडला उतरून चालत, मध्ये दोनदा थांबून. एका वाडीत वरच्या मजल्यावर त्या चरित्रकोशाचं ऑफिस, अंधारा जिना, अण्णांना धाप लागली. हितेंद्र नावाचा माणूस बसला होता. आमच्या डॉक्टरांकडे चरित्र घ्यायला तोच येतो, म्हणून ओळखीचा. फार गोड बोलतो, ऐकणाऱ्याची साखर वाढेल इतका.

"या या, काका. कलाकार आहात, वा. लोकशाहीर टाकू?"

अण्णांनी मान हलवली. नको.

"ज्येष्ठ गीतकार?"

अण्णांनी पाटीवर लिहिलं, 'गाणी लिहिली. नाव गुरूचं आहे.'

हितेंद्रनं वाचलं आणि खांदे उडवले. "मग काय झालं? तुम्ही सांगाल ते छापू. दहा गाणी सांगा, शंभर सांगा. आपल्याकडे कोण विचारायला येतंय, मॅडम?" हे शेवटचं मला उद्देशून.

मी म्हटलं, "बघा अण्णा, सोपं आहे. लिहून द्या गाण्यांची नावं आणि चला."

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, 'कोण विचारत नाही म्हणूनच साक्ष पाहिजे.' मला कळलं नाही असं वाटून त्यांनी ते पुसून आणखी लिहिलं. 'गुरू मेल्यावर पैसे देऊन छापलं, असं म्हणतील. काकी हो म्हणाली तर छापू.'

मला तिथेच रडू येईल की काय असं झालं, आणि मला चारचौघांत रडायला आवडत नाही म्हणून मी हितेंद्रवर डाफरले. पंखा का लावत नाही, आजारी माणूस बसलाय दिसत नाही का. त्यानं पंखा लावला बिचाऱ्यानं. आम्ही उठलो.

रविवारी काळाचौकीला काकींकडे गेलो. चाळ पाडून तिथे आता बिल्डिंग झालीय, लिफ्ट आहे, पण काकी अजून खोलीच म्हणतात. नात प्रिती त्यांच्याबरोबर राहते. बँकेत आहे, लग्नाचं नाव घेत नाही, म्हणून काकी तिला आल्यागेल्यासमोर बोलून घेतात. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, त्याच्या बाजूला बुद्ध, आणि खाली शामरावकाकांचा पेटीसकट फोटो.

काकींनी अण्णांना बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. गळ्याचा रुमाल त्या पहिल्यांदा बघत होत्या. "काय रे हर्षा हे," एवढंच म्हणाल्या आणि त्यांचा हात हातात धरून बसल्या. प्रितीनं चहा केला. अण्णांनी जिन्याखालीच पाटीवर लिहून आणलं होतं, मी वाचलं होतं. 'काकी, अंगठ्याची शाई आणि बाकीची गाणी माझी आहेत एवढं तुम्ही सांगाल का. पुस्तकात छापायचं आहे.' पाटी मांडीवर होती, अक्षरं वर. मी वाचून दाखवणार होते, असं ठरलं होतं, कारण काकींना वाचता येत नाही. त्या गाण्यावर अख्ख्या गिरणगावची पोरं नाचली, पण काकी काही रात्रशाळेत गेल्या नाहीत. पार्टीच्या लोकांचा स्वयंपाक कोण करणार होतं?

मी घसा साफ केला. तेवढ्यात काकीच बोलायला लागल्या.

"बरं झालं आलास. कुणी येत नाही रे आता. परवा जयंतीला खाली मंडळानं ते गाणं लावलेलं, आईचं. मी भांडी घासत होते. शेवटचं कडवं आलं की मी नळ बंद करते बघ. दरवर्षी. प्रिती हसते मला. म्हणते, आजी, मोबाईलवर लावून देऊ का रोज? मी म्हटलं नको. रोज नको. ते रस्त्यावरून आलं पाहिजे. शामराव म्हणे, असं आलं ना, की वाटतं कुणीतरी हाक मारली त्यांना. गिरणी गेली, चाळ गेली, हा फोटो पण पिवळा पडला. तेवढं एक नाव राहिलंय माणसाचं."

मी अण्णांकडे बघितलं. ते फोटोकडे बघत होते. मग त्यांनी गळ्याच्या रुमालाचं टोक धरलं आणि मांडीवरची पाटी पुसली. सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

मी तोंड उघडलं. खरं सांगते, मी बोलणारच होते. काकी, नाव तुमच्या नवऱ्याचं असेल, पण आई माझ्या बापाची होती, हे ओठांवर आलं होतं. अण्णांनी माझं मनगट धरलं. आजारी माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या हातानं त्यांनी पाटीवर लिहिलं, 'तब्येत बघायला आलो होतो', आणि मला दाखवून वाचायला लावलं. मी वाचलं. माझा आवाज काय लागला असेल ते माझं मला माहीत.

काकी पाटीकडे आणि मग अण्णांकडे बघत राहिल्या. "माझी तब्येत ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "तू जपून राहा."

खाली उतरल्यावर मी रस्त्यातच भांडण काढलं. लालबागपर्यंत मी बोलत होते आणि ते चालत होते. आयुष्यभर दुसऱ्याचं नाव वाहिलं, आता मरताना तरी आपलं म्हणा, त्या बाईचं काय जाणार होतं, एक वाक्य तर बोलायचं होतं. मरताना हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मी गप्प झाले. अण्णा एका दुकानाच्या पायरीवर टेकले. त्यांनी खडू काढला. 'तिचं तेवढंच आहे,' त्यांनी लिहिलं. मग माझा चेहरा बघून खाली घातलं, 'मला तू आहेस.'

त्यांनी चरित्र दिलं ते मीच टाईप केलं. येलवे हर्षवर्धन. जन्म नायगाव. गिरणी कामगार, नंतर शिवडी येथे गोदामात नोकरी. शामराव गमरे आणि पार्टीत कोरस व टाळ. बस. हितेंद्रचा दोनदा फोन आला. "मॅडम, पान रिकामं दिसतंय हो. कोरस कोण लिहितं? आपण 'लोककलेचा दीपस्तंभ' टाकू." मी म्हटलं, दीपस्तंभ टाकलास तर तिथे येऊन तुझा पंखा बंद करीन. त्याला कळलं नाही, पण टाकलं नाही त्यानं.

पुस्तक निघालं. दादरला हॉलमध्ये प्रकाशन झालं, शाली, पुष्पगुच्छ, फोटो. अण्णांचं पान एका बिल्डरच्या आणि एका वास्तुतज्ज्ञ बाईच्या मध्ये आलं होतं. दोघांची पानं खच्चून भरलेली, मध्ये अण्णांच्या चार ओळी आणि खाली मोकळी जागा. त्यांनी ते पान बघितलं, बोट फिरवलं 'कोरस' या शब्दावरून, आणि पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं. त्यांना पाहिजे होतं ते त्यात नव्हतं, आणि नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. घरी आल्यावर मी ते पुस्तक कपाटावर टाकलं.

पावसाळा संपता संपता अण्णा गेले. शेवटचे काही दिवस खडू धरायची ताकद नव्हती, तेव्हा ते माझ्या तळहातावर बोटानं लिहायचे. मला निम्मं कळायचं नाही. मी हो हो म्हणायचे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चाळीच्या पटांगणात झाला. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, मग लोक बोलायला उठले. कुणी म्हणालं फार साधा माणूस, कुणी म्हणालं वेळेचा पक्का. ज्यांनी कधी घरात पाऊल टाकलं नाही ते पण बोलले. आमच्या डॉक्टरांनी हार पाठवला होता. मी पांढऱ्या साडीत खुर्चीवर बसून होते आणि मला सगळ्यांचा राग येत होता.

मग प्रिती दिसली, आणि तिच्या खांद्याला धरून काकी. इतक्या लांब त्या आता येत नाहीत. त्या सरळ पुढे गेल्या, अण्णांच्या फोटोला फुलं वाहिली, आणि गल्लीतली तीन-चार पोरं ढोलकी-पेटी घेऊन बसली होती त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अंगठ्याची शाई येतं का रे?" त्यांनी विचारलं. येत नसायला काय झालं. "मग धरा. मी सांगते."

माईक कुणीतरी त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांचा गातानाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. गाणारीचा नव्हता, घरातल्या बाईचा होता, पण चाल पक्की होती. सगळी गाणी त्यांच्या चुलीपुढेच तर बसवली गेली होती. बायका टाळ्या धरायला लागल्या. एक कडवं झालं, दुसरं झालं. शेवटच्या कडव्याआधी काकींनी हात वर केला आणि ढोलकी थांबवली.

"हा माझ्याकडे आला होता," त्या म्हणाल्या. "काहीतरी मागायला आला होता. मला कुठं वाचता येतं? पाटी तशीच ठेवली असती तरी मला काय कळणार होतं? पण यानं पुसली. घाईघाईनं पुसणारा माणूस वेगळा, हा जपून पुसत होता. तेव्हा कळलं मला काय लिहून आणलं होतं." त्या अण्णांच्या फोटोकडे वळल्या. "माझ्या घरात बसून बांधलेलं गाणं कुणाचं, हे मला माहीत नाही होय? मीच बोलले नाही. त्या दिवशी पण नाही बोलले. तो दारातून जाईपर्यंत नाही बोलले."

मग त्यांनी ढोलकीवाल्याला सांगितलं, "नाव मोठं आहे. माझं होईपर्यंत थांब. नंतर उचल."

आणि त्यांनी कडवं घेतलं. 'हर्षवर्धन म्हणे.' खरंच बसत नव्हतं. नाव चालीच्या बाहेर जात होतं, त्यांनी ते ओढून घेतलं, मध्ये दम तुटला, परत पहिल्यापासून धरलं. पोरगा ढोलकीवर हात ठेवून थांबला होता. काकींनी पाचही अक्षरं एकेक करून म्हटली, आणि मग त्यानं ताल उचलला. 'गिरवा रे अक्षर, माझ्या आईचा हात तुमच्या हातावर.' मी चारचौघांत रडत नाही म्हणाले होते ना. त्या दिवशी रडले.

काकींनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी त्यांना म्हटलं, "काकी, तुम्ही पुढल्या जयंतीला नळ बंद करा. अण्णांना चालेल." मनातून म्हटलं का, ते मला अजून सांगता येणार नाही. पण अण्णांनी हेच लिहिलं असतं.

एप्रिलमध्ये जयंती आली. खालच्या मंडळानं भोंगा लावला आणि संध्याकाळी ते गाणं लागलं. काकींचं कडवं कुठे कुणी रेकॉर्ड केलं होतं, मंडळाकडे जुनंच रेकॉर्डिंग. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. शेवटचं कडवं आलं, शामराव म्हणे, आणि त्याच्याबरोबर मी अण्णांचं नाव म्हणून बघितलं. माझं अर्धं होतंय न होतंय तोवर गाणं पुढे निघून गेलं.